तांबोशी ओळखायची कशी?

प्रश्न : बाजारात तांबोशी म्हणून एकीकडे लालभडक मासा मिळतो, दुसरीकडे तपकिरी. भावातही फरक. आम्हा घाटावरच्यांनी खरी कोणती समजायची?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही तांबोशी असू शकतात, आणि दोन्ही नसूही शकतात. रंगावर जाऊ नका. माझं माहेर आचऱ्याचं. तिथल्या खाडीत कांदळाच्या मुळांत या माशाची पिल्लं वाढतात. त्यांच्या अंगावर फिकट उभे पट्टे असतात आणि गालावर निळी रेघ. मोठी झाली की ती खाडी सोडून समुद्रातल्या खडपांवर, प्रवाळांकडे जातात. पट्टे पुसले जातात, अंग हिरवट तपकिरी ते लाल कसंही होतं. खोल पाण्यातली अधिक लाल. त्यात आपल्याकडे मासळी गगनबावड्याच्या, फोंड्याच्या घाटाने बर्फात येते, तेव्हा मूळचा रंग तरी कुठला राहतो!

लाल तिलापिया तांबोशी म्हणून गळ्यात मारला जातो, ते मात्र नक्की पकडता येतं. पाठीवरचा पर उभा करा आणि टणक काटे मोजा. तांबोशीला 10, तिलापियाला साधारण 15 किंवा जास्त. मग कुशीवरची रेघ बघा. तांबोशीची कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सलग जाते. तिलापियाची मध्येच तुटते आणि खालच्या ओळीत पुन्हा सुरू होते. खवले काढले की हे दिसत नाही, म्हणून आधीच बघा. तोंड उघडलंत तर तांबोशीच्या जबड्यात पुढे सुळे दिसतील. शिकारी मासा आहे तो, खेकडे-कोळंबी खाणारा.

राणी मासा वेगळा काढणं सोपं : गुलाबी अंगावर पिवळ्या रेघा, शेपटीच्या वरच्या टोकाला पिवळा दोरा.

तांबोशीचा एक सख्खा भाऊबंदही आहे, शास्त्रीय नाव लुटजानस बोहार. त्याच्या नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत खोल खाच असते, तांबोशीला ती नसते. पॅसिफिकमधल्या प्रवाळ बेटांभोवती या बोहारच्या अंगात सिग्वाटेरा नावाचं विष साठतं आणि ते शिजवूनही जात नाही.

तुकडे करून ठेवलेल्या मासळीत यातलं काहीच तपासता येत नाही. अख्खा मासा मागा, समोर कापून घ्या. आणि डोकं मागून घ्यायला विसरू नका. तिरफळं घालून त्याचं कालवण फार चांगलं होतं.