‘मुन्बे वा’ : आधी ये की समोर ये?

प्रश्न असा आहे : ‘सिल्लुनु ओरु कादल’ या तमिळ चित्रपटातलं ‘मुन्बे वा, एन् अन्बे वा’ हे गाणं मी रोज ऐकते. एका भाषांतरात पहिल्या दोन शब्दांचा अर्थ ‘आधी ये’ असा दिलाय, दुसऱ्यात ‘समोर ये’. खरा कोणता? आणि कोरसमध्ये ‘रांगोळी’ असं ऐकू येतं, ती आपलीच का?

माझं उत्तर ‘समोर ये’. पण ‘आधी’ लिहिणाऱ्यानेही मनातून काही घातलेलं नाही. शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, आणि ते दोन्ही कसे आले हे पाहिलं की आपल्या ‘पुढे’ आणि ‘मागे’कडेही नव्याने बघावंसं वाटतं.

तमिळमध्ये ‘मुन्’ म्हणजे पुढची बाजू. त्यावरून ‘मुन्बु’ : समोर, आणि पूर्वी. ‘पिन्’ म्हणजे पाठची बाजू, त्यावरून ‘पिन्बु’ : मागे, आणि नंतर. आता हे मराठीशेजारी ठेवा. ‘पुढे बघू’ म्हणजे भविष्यात बघू. ‘मागे सांगितलं होतं’ म्हणजे भूतकाळात. आपल्याला येणारा काळ समोर दिसतो आणि सरलेला पाठीशी राहतो. तमिळमध्ये नेमकं उलट : जे आधी घडलं ते ‘मुन्’, जे नंतर घडेल ते ‘पिन्’. चमत्कारिक वाटलं, तर रांग आठवा. रांगेत आपल्या पुढे जो उभा असतो तो आपल्या आधी आलेला असतो. तमिळ काळ असा रांगेतला आहे, आपला वाटेवरचा.

तरी ही रांग मराठीत अजिबात नाही असं नाही. संस्कृतातला ‘पूर्व’ म्हणजे पुढचा, आणि त्यावरूनच आपलं ‘पूर्वी’ आलं. थोरला भाऊ तो अग्रज, धाकटा तो अनुज : एक अग्रभागी जन्मलेला, दुसरा पाठोपाठ. आपल्या ‘पूर्वजां’ना तमिळमध्ये ‘मुन्नोर्’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पुढचे लोक. आणि हा ‘मुन्’ तर मराठी वर्तमानपत्रं कित्येक वर्षं छापत आहेत. ‘द्रविड मुन्नेत्र कळघम’मधल्या ‘मुन्नेत्र’चा नेत्राशी काही संबंध नाही. ‘मुन्’ अधिक ‘एट्रम्’, म्हणजे चढणे. पुढे चढत जाणं, प्रगती.

आता ‘मुन्बे’ आणि ‘अन्बे’ यांच्या शेवटचा ‘ए’. ऐकायला एकच, पण काम वेगळं. ‘अन्बु’ म्हणजे प्रेम. ‘अन्बे’मधला ‘ए’ संबोधनाचा, प्रेमालाच हाक मारणारा. ‘मुन्बे’मधला ‘ए’ जोर देणारा, आपल्या ‘च’सारखा. याच गाण्यात पुढे ‘नान् नाना’ येतं, ‘मी मीच आहे का?’ असा प्रश्न, आणि लगेच ‘नाने’ म्हणजे ‘मीच’. तिथे हा ‘ए’ स्पष्ट ओळखू येतो. रोजच्या बोलण्यात ‘मुन्बे सोन्नेन्’ म्हटलं की ‘आधीच सांगितलं’ असा अर्थ होतो. ‘आधी ये’ हे भाषांतर बहुधा तिथूनच आलं असावं.

मग मी ‘समोर’ का म्हणतो? ‘आधी’ म्हटलं की ‘कशाच्या आधी’ हे हवं, आणि ओळीत तसं काहीच नाही. उलट लगोलग ‘ऊने वा, उयिरे वा’ येतं. ‘ऊन्’ म्हणजे मांस, देह. ‘उयिर्’ म्हणजे जीव. देहाला आणि जिवाला ये म्हणणारं माणूस वेळेचं बोलत नाही, डोळ्यांसमोर असण्याचं बोलतं. मराठीत मी ‘अशी समोरच ये’ म्हणेन. फक्त ‘अशी’ म्हणताच लिंग ठरून जातं, आणि मूळ ओळ तो आणि ती दोघांच्याही तोंडी तशीच शोभते. ‘अन्बे’ला ‘सखे’ किंवा ‘सख्या’ म्हटलं तरी हीच अडचण. ‘उयिरे’ला मात्र आपला ‘जिवा’ तंतोतंत बसतो.

तमिळ गीतकार वालींनी हे गीत लिहिलं २००६च्या चित्रपटासाठी, तेव्हा ते पंचाहत्तरीला टेकले होते. ओळ कानाला इतकी गोड लागते त्यामागे तमिळ छंदशास्त्राची जुनी शिस्त आहे. आपण यमक ओळीच्या शेवटी शोधतो. तमिळमध्ये ‘एदुगै’ असते : शब्दांची दुसरी अक्षरं जुळायची. मु-न्-बे, अ-न्-बे. पुढच्या ‘ऊने, उयिरे’मध्ये आद्याक्षरांचं नातं आहे, त्याला ‘मोनै’ म्हणतात. ए. आर. रहमान यांची चाल, श्रेया घोषाल आणि मुंबईत वाढलेला नरेश अय्यर यांचे आवाज, हे सगळं या जुळणीवर उभं आहे. उच्चाराचं एक : तमिळ लिपीत ‘प’ आणि ‘ब’साठी एकच अक्षर आहे. अनुनासिकानंतर ते ‘ब’ होतं, म्हणून ‘मुन्पे’ नव्हे, ‘मुन्बे’. आणि ‘मुंबे’ही लिहू नये, ‘न्’ ऐकू यायला हवा.

रांगोळीबद्दल : हो, शब्द तोच, संस्कृत ‘रंगावली’च्या कुळातला. पण तमिळ दारापुढचा मूळ शब्द ‘कोलम्’, म्हणजे रूप, आकृती. तांदळाच्या पिठाचं, बहुतेक वेळा पांढरंच. ‘रंगोली’ तिकडे रंग भरलेल्या नक्षीला म्हणतात. गाण्यात दोन्ही शब्द शेजारी येतात. क्रियापद तर थेट आपलं वाटावं असं : कोलम् ‘पोडु’. पोडु म्हणजे टाकणे, घालणे. आपण रांगोळी घालतो, अगदी तसंच.