कुत्र्याने माणसाची हृदयाची गोळी गिळली, तर मीठपाणी पाजून उलटी करवावी का?

मीठपाणी अजिबात पाजू नका. डॉक्टरांना फोन लावा आणि लगेच निघा.

आमच्या सासऱ्यांना बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम चालू आहे. स्ट्रिप टीपॉयवर राहिली आणि चिंगीने, आमच्या ८ किलोच्या गावठी कुत्रीने, ती चावून फोडली. ४ गोळ्या गायब! दीर म्हणाले, "मीठपाणी पाज, ओकून टाकेल. एवढ्याशा गोळीने काय होतंय?" चिंगी शेपूट हलवत उभी, त्यामुळे घरात सगळ्यांना त्यांचंच पटत होतं. मी फाटकी स्ट्रिप पिशवीत टाकली आणि रिक्षातूनच फोन लावला. कुठली गोळी, किती मिलिग्रॅमची, किती गेल्या, कधी, वजन किती, एवढंच डॉक्टरांनी विचारलं. कुत्र्याला ही गोळी दिलीच तर किलोमागे फार तर अर्धा मिलिग्रॅम; चिंगीच्या पोटात किलोमागे अडीच गेलं होतं. इंजेक्शन देऊन उलटी करवली, मग कोळशाचं औषध, सलाइन. तरी रात्री तिचं बीपी पडलंच. कान गार, हिरड्या पांढऱ्या. शिरेतून कॅल्शियम दिलं तेव्हा कुठे सावरली.

मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. कुत्रं मलूल झालं असेल तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते. दुधाने गोळीचा असर उतरत नाही.

तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन यांतलं काही असेल तर थांबूच नका. नावापुढे एक्सएल किंवा एसआर असेल तर औषध हळूहळू सुटतं, त्रास उशिरा सुरू होतो. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. मी काही डॉक्टर नाही, आणि सगळ्याच गोळ्या इतक्या वाईट नसतात. एनालाप्रिल तर कुत्र्यांनाही देतात. पण ते स्ट्रिप बघून डॉक्टरांनी ठरवायचं.

दीर अजूनही म्हणतात, ती आपोआप बरी झाली असती, पैसे फुकट गेले. गोळी गिळल्यावर काही तास कुत्रं ठणठणीत दिसू शकतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. सासऱ्यांचं बीपी रोज मोजणाऱ्या घराला कुत्रीचंही बीपी पडतं हे पटायला एवढं जड का जावं?