पुढचे टायर फक्त आतल्या कडेने झिजत असतील, तर अलाइनमेंटच्या आधी काय पाहावे

आपण लिहिले आहे की आपली गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी लहान हॅचबॅक आहे. १६५/८० आर १४ मापाचे कंपनीचे मूळ टायर १८,००० किलोमीटरवरच पुढच्या बाजूला, आणि तेही फक्त आतल्या कडेने, जवळजवळ गुळगुळीत झाले आहेत. सहा महिन्यांत दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेणे, करूनही झीज थांबलेली नाही. दुसऱ्या ठिकाणी ‘डाव्या चाकाचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आउट आहे, वाकवून सरळ करून देतो’ असे सांगण्यात आले, आणि टायर बदलून मागितल्यावर ‘ही झीज वॉरंटीत बसत नाही’ असे उत्तर मिळाले. रोज कोल्हापुरातल्या राजारामपुरीपासून गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि महिन्यातून दोनदा गगनबावडा, एवढाच आपला प्रवास आहे.

माझे मत आधीच सांगतो. कॅम्बर वाकवून घेऊ नका, निदान इतक्यात नाही. वर्णनावरून मला दोष कॅम्बरपेक्षा ‘टो’चा, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांना समांतर नसण्याचा, वाटतो आणि टो वारंवार बिघडण्यामागे पुढच्या सस्पेन्शनमधला एखादा ढिला सांधा असावा, असा माझा अंदाज आहे. तो अंदाज बरोबर की चूक, हे ठरवायला मशीन लागत नाही. आपला हात आणि एक टॉर्च पुरते.

पुढचा टायर आतून खाल्ला गेला की बहुतेक ठिकाणी लगेच कॅम्बरचे नाव घेतले जाते. चाकाचा वरचा भाग गाडीच्या आत झुकलेला असेल, म्हणजे कॅम्बर उणे असेल, तर आतल्या कडेवर भार वाढतो हे खरेच आहे. पण चाके पुढच्या बाजूने एकमेकांपासून किंचित फाकलेली असतील, ज्याला टो-आउट म्हणतात, तरीही झीज आतल्या कडेलाच होते आणि ती कितीतरी लवकर होते. दोहोंतला फरक तळहाताला कळतो. हँडब्रेक लावून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे एरवी न दिसणारी आतली कड समोर येईल (आपण बाहेरून पाहून टायर चांगले समजत राहतो आणि नेमके तिथेच फसतो). आता टायरच्या बटणांवरून (नक्षीच्या ठोकळ्यांवरून) हात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. दोन्ही दिशांना सारखेच गुळगुळीत लागले आणि झीज एका बाजूला उतरत गेलेली असली, तर कॅम्बरचा संशय योग्य आहे. आतून बाहेर जाताना हात सहज सरकला आणि बाहेरून आत येताना बटणांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या टोचल्या, तर तो टो-आउट समजावा. टो-इन असेल तर याच्या बरोबर उलट लागते आणि झीज बाहेरच्या कडेला जास्त दिसते. तारेचे तुकडे बाहेर आले असतील तर मात्र हात लावू नका; त्या टायरवर गाडीही चालवू नका.

टो एवढा महागात का पडतो, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. आपल्या टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर आहे. दोन्ही चाके मिळून टायरच्या मागच्या कडेपेक्षा पुढच्या कडेला फक्त ३ मिलिमीटरने फाकलेली असली, तर अलाइनमेंट मशीनच्या प्रिंटआउटवर ती चूक ० अंश १७ मिनिटे एवढी दिसते, आणि आकडा किरकोळ वाटतो. पण अशी गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा प्रत्येक पुढचा टायर सुमारे २.४ मीटर आडवा घासला जातो, म्हणजे १०,००० किलोमीटरमध्ये चोवीस किलोमीटर. कुठलाही टायर हे सोसत नाही, मग तो कितीही नामांकित कंपनीचा असो. कॅम्बरमध्ये असे सतत आडवे घासणे नसते, म्हणून एखाद्या अंशाच्या कॅम्बरने टायर आतून हळूहळू उतरतो, १८,००० किलोमीटरमध्ये गुळगुळीत होत नाही.

आता दोन अलाइनमेंट वाया का गेल्या, याकडे येऊ. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी असते. रस्त्यावर ती ब्रेक खाते, खड्ड्यात आदळते, वळणावर झुकते. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा, रबर बुश फाटलेला असेल, तर उभ्या गाडीत सगळे आकडे हिरवे (मुभेत असलेले; मुभेबाहेरचे लाल) येतात आणि ब्रेक दाबताच चाक मागे सरकून टो बदलतो. मशीनला हे दिसूच शकत नाही. टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांमधला सांधा) ढिला असेल, तर मशीनवर केलेले माप पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

मी स्वतः हा धडा पैसे मोजून घेतला आहे. सातारा-कागल महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या एका वळणरस्त्यावर माझ्या आधीच्या गाडीचे डावे चाक खड्ड्यात जोरात बसले. त्यानंतरच्या चार महिन्यांत एकाच केंद्रात तीन वेळा अलाइनमेंट झाली, तिन्ही वेळा पैसे घेतले गेले आणि गाडी खालून कुणी पाहिली नाही. शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवले आणि एवढेच म्हणाले, “साहेब, मशीन काय करणार? तुमचा एंडच हलतोय की.” एंड बदलला, एकदाच अलाइनमेंट केली आणि पुढची दोन वर्षे झीज सरळ राहिली. दोन टायर मात्र तोवर गेले होते. ज्या शहरातल्या फाउंड्र्यांमध्ये मोटारींच्या भागांचे ओतकाम होते, तिथे हे कळायला मला चार महिने लागले, याचे आजही हसू येते.

हीच तपासणी आपल्या नेहमीच्या मिस्त्रींकडून करून घ्या. पुढचे चाक जमिनीवरून उचलून, गाडीखाली स्टँड देऊन, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी हात धरून हलवल्यावर खटखट आली तर टाय रॉडकडे पाहावे; बारा आणि सहाच्या जागी आली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंगकडे. बुशसाठी पहारीने हलका दाब देऊन रबर फाटले आहे का ते पाहतात. शॉकअबला (शॉक अ‍ॅब्सॉर्बरला) तेल सुटलेले असेल तर टायरवर ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडतात, ती झीज निराळी आणि आपल्या वर्णनात ती नाही. स्प्रिंग बसली असेल तर मात्र गाडीची उंची उतरून कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, म्हणून डाव्या-उजव्या बाजूची उंची टेपने मोजून घेण्यास हरकत नाही.

सांधे घट्ट आहेत अशी खात्री झाली, किंवा ढिला भाग बदलला, की मगच मशीनकडे जा. जाण्यापूर्वी चारही टायरांत, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकरप्रमाणे हवा भरा. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात, जास्त असली की मधला पट्टा. आपल्याकडे एकच कड झिजते आहे, त्यामुळे हवेला मी मुख्य आरोपी करणार नाही. मात्र कावळा नाक्यापासून महामार्गाने गाडी पळवून आल्यावर तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती काढून टाकण्याची चूक पुष्कळ जण करतात. तापमान सहा-सात अंशांनी वाढले की साधारण एक पीएसआय हवा वाढते, आणि गाडी थंड झाल्यावर तेवढीच परत उतरते.

केंद्रात गेल्यावर मशीनमध्ये आपल्याच गाडीचे मॉडेल निवडले आहे ना, हे पाहा. चाकांवर क्लॅम्प लावल्यानंतर गाडी थोडी मागे-पुढे ढकलून रिमच्या वाकडेपणाची भरपाई केली पाहिजे आणि टो जुळवताना स्टिअरिंग सरळ ठेवून पट्टीने अडकवलेले असले पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम सुरू होण्याआधीचे आणि झाल्यानंतरचे, असे दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या. आपल्याला एखादा कागद दाखवला असेल तर तो नंतरचा असावा; रोग आधीच्या कागदात असतो. समजा त्यात टो लाल होता आणि दुसऱ्या खेपेलाही आधीच्या कागदात तो पुन्हा लालच निघाला, तर मधल्या काळात काहीतरी सरकले आहे, याचा तो लेखी पुरावा होतो. केंद्र कागद द्यायला तयार नसेल तर दुसरे केंद्र पाहावे; शहरात त्यांची वाण नाही.

कॅम्बरबद्दल थोडे अधिक. आपल्यासारख्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी आडवी तुळई) असतो. अशा रचनेत कंपनीने सहसा फक्त पुढचा टो जुळवण्याची सोय दिलेली असते. पुढचा कॅम्बर व कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे झुकाव) आणि मागचे सगळे कोन जसे बांधले तसे असतात. त्यामुळे ते मुभेबाहेर गेले, तर काहीतरी वाकले, झिजले किंवा सरकले आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि तो भाग शोधून बदलणे हा खरा उपाय आहे. हायड्रॉलिक जॅकने स्ट्रट किंवा नकल (चाकाचे बेअरिंग धरणारा भाग) वाकवून आकडा हिरवा करता येतो, पण शॉकअबच्या दांड्यावर आणि सीलवर त्याचा ताण कायमचा राहतो. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांत काही गाड्यांमध्ये थोडी मोकळीक असते. ते सैल करून, चाक योग्य बाजूला दाबून, कंपनीने ठरवलेल्या ताकदीने (टॉर्कने) पुन्हा आवळल्यावर थोडा कॅम्बर मिळतो, आणि ही पद्धत मला मान्य आहे. आधी डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक पाहा. तो अर्ध्या अंशाच्या आत असेल आणि दोन्ही आकडे मशीनने दाखवलेल्या मुभेत असतील, तर काहीही करू नका. कॅम्बरला हात लावलाच, तर टो पुन्हा जुळवावाच लागतो. ‘फक्त कॅम्बर केला’ असे कुणी म्हणाले तर काम अर्धे झाले असे समजावे.

आपल्या तक्रारीत नसलेल्या दोन गोष्टी याच चर्चेत नेहमी मिसळल्या जातात, म्हणून लिहितो. ताशी ८०-१०० किलोमीटरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर ते बॅलन्सिंगचे किंवा वाकलेल्या रिमचे काम आहे, अलाइनमेंटचे नव्हे. गाडी डावीकडे ओढत असेल तर आधी रस्त्याचा उतार लक्षात घ्या, कारण पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. त्यानंतर हवेतला फरक, मग अडकून राहणारा ब्रेक. पुढचे दोन टायर आपापसांत बदलल्यावर ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा आहे.

आपल्या रस्त्यांचाही यात वाटा आहे. उसाच्या हंगामात समोरून भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आली की आपण डावे चाक साइडपट्टीवर उतरवतो आणि डांबराची तुटलेली कड चढून पुन्हा वर येतो. तो आघात प्रत्येक वेळी डाव्या टाय रॉडला आणि लोअर आर्मलाच बसतो. आपल्याही गाडीच्या डाव्या चाकातच दोष सांगितला गेला, हा मला योगायोग वाटत नाही. गगनबावड्याहून आपण पुढे करूळ किंवा भुईबावडा घाट उतरत असाल, तर वळणांमुळे पुढच्या टायरांची बाहेरची कड झिजेल, आतली नव्हे. त्यामुळे घाटाला या प्रकरणात दोष देता येत नाही.

राहिला प्रश्न टायरांचा. वॉरंटी सहसा बनावटीतल्या दोषाची असते आणि एका कडेची झीज त्यात धरली जात नाही, त्यामुळे त्या वादात फार शक्ती घालवू नका. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की तो कायद्याने बाद होतो. खाचेच्या तळाशी असलेला उंचवटा बटणांच्या पातळीला आला की ती वेळ झाली. आतली कड तिथे पोचली असेल, तर बाहेरची कितीही चांगली दिसली तरी तो टायर मागच्या चाकाला लावून वापरू नका, स्टेपनीतही ठेवू नका. नवे दोन टायर घेताना दुकानदार ते पुढे बसवू पाहील. मी ते मागे बसवायला सांगेन आणि मागचे चांगले टायर पुढे आणेन, कारण पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी सावरणे फार अवघड जाते. घेण्यापूर्वी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ असेल तर तो २०२५ सालच्या २३व्या आठवड्यातला आहे.

हे सर्व झाल्यावर नक्षीची खोली मोजण्याचा साधा गेज घ्या आणि पुढच्या प्रत्येक टायरची आतली, मधली व बाहेरची खाच मोजून किलोमीटरसह वहीत लिहून ठेवा. २,००० किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. आतली खाच बाहेरच्या खाचेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने अधिक उतरली असेल, तर दोन्ही प्रिंटआउट आणि ती वही घेऊन परत मिस्त्रींकडे जा, आणि या वेळी लोअर आर्मच्या मागच्या बुशपासून तपासणी सुरू करायला सांगा.