52 दिवस गेले, 38 उरले

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या एका निवृत्त जोडप्याने सिंधुदुर्गात खाडीकाठी 14 गुंठे जागा घेतली. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घेऊन चिऱ्याचे दोन मजली घर बांधले आणि घर व खाडी यांच्या मधल्या जागेत 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद स्विमिंग पूल खोदला. घरावर छप्पर चढले आहे, तलावाला फरशी बसायची आहे. एवढ्यात किनारा प्राधिकरणाचा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम 1986 च्या कलम 5 खालचा आदेश आला. घर आणि तलाव दोन्ही सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर निर्बंध असलेल्या पट्ट्याच्या, ना-विकास क्षेत्रात, भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत आहेत. ते काढून जागा पूर्ववत करा, असे त्यात म्हटले आहे. वाचक विचारतात: ग्रामपंचायतीने दाखला दिला, घरपट्टी घेते, शेजारी रिसॉर्ट उभे आहे, मग आमच्यावरच कारवाई का? आणि जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला आहे, त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे का?

थांबू नका. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे: आदेश राखणदाराच्या हाती कोणत्या तारखेला पडला ती. मी दिवस मोजले. आज 52 दिवस झाले आहेत. कलम 5 खालच्या आदेशावर अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे करायचे असते. आपल्यासाठी त्याचे पीठ पुण्यात आहे. हरित न्यायाधिकरण अधिनियम 2010 चे कलम 16 सांगते की आदेश कळल्यापासून 30 दिवसांत अपील करा. सबळ कारण दाखवले तर आणखी जास्तीत जास्त 60 दिवस मिळू शकतात. त्यानंतर, म्हणजे 90 दिवस उलटल्यावर, न्यायाधिकरणाला इच्छा असली तरी विलंब माफ करता येत नाही. तुमची हक्काची मुदत संपून 22 दिवस झाले. उरलेले 38 दिवस न्यायाधिकरणाच्या मर्जीचे आहेत.

हे 22 दिवस का गेले, याचे कारण विलंब माफीच्या अर्जात तारीखवार द्यावे लागेल. ‘जिल्हाधिकारी काहीतरी करतील असे वाटले’ हे कारण मला पुरेसे वाटत नाही. तुमच्या यजमानांची ॲन्जिओप्लास्टी त्याच पंधरवड्यात झाली असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे डिस्चार्ज कार्ड जोडा. आदेश ज्या लखोट्यातून आला तो लखोटाही शोधा. राखणदाराने टाकून दिला असेल तर पोस्टातून पोहोच मिळवा. आदेश नक्की कोणत्या दिवशी पोहोचला यावर दोन-चार दिवसांचा फरक पडला तरी तो इथे मोलाचा आहे.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. या आदेशाआधी ‘कारणे दाखवा’ नोटीस आली होती आणि ती तुम्ही ठेकेदाराकडे दिलीत. ‘तो बघतो म्हणाला’ असे पत्रात आहे. ठेकेदार चिरा बघतो, वाळू बघतो. नोटिशीला उत्तर देणे हे त्याचे काम नव्हे. कलम 5 चा आदेश काढण्याआधी हरकती मांडायला किमान 15 दिवस द्यावे लागतात, हे नियमातच आहे. ते 15 दिवस तुमचे होते. तेव्हा दोन पानी उत्तर आणि एक मोजणी नकाशा दिला असता, तर पुढे जे सांगतो आहे ते प्राधिकरणापुढेच मांडून झाले असते. अलिबाग, दापोली, वेंगुर्ले, सगळीकडून येणाऱ्या पत्रांत हीच चूक असते. नोटीस म्हणजे पंचायतीतल्या ओळखीने मिटवायची कटकट, असे लोक धरून चालतात.

आता तुमच्या बाजूने काय आहे ते बघू. आदेशात 200 मीटर म्हटले आहे. हा आकडा समुद्रकिनाऱ्याचा आहे. तुमची जागा समुद्रावर नाही, मुखापासून सव्वा किलोमीटर आत खाडीवर आहे. खाडीसाठी नियम वेगळा. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात खाडीकाठचे ना-विकास क्षेत्र 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल तेवढे. 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने तेच 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी ते, असे केले. ‘यांतले जे कमी’ या तीन शब्दांवर तुमचे घर उभे राहील किंवा पडेल.

तुम्ही दिलेल्या मापाप्रमाणे बंधाऱ्याच्या पायथ्यापासून घराची जवळची भिंत 63 मीटरवर आहे आणि तलावाचा काठ 38 मीटरवर. 2019 चा नियम लागू धरला तर घर 50 मीटरच्या बाहेर पडते, म्हणजे खाडीच्या हिशोबाने ते सीआरझेडमध्येच येत नाही. 2011 चा नियम लागू धरला तर खाडीची रुंदी किती हा प्रश्न येतो, आणि नेमकी तीच तुम्ही लिहिलेली नाही. रुंदी 120 मीटर असेल तर घर आत. ती तिथे 40 मीटरच असेल तर 2011 च्या नियमानेही घर बाहेर राहते. तलाव मात्र दोन्ही नियमांत आत आहे, 40 मीटर धरले तरी दोन मीटरने आत.

मग कोणता नियम? 2019 ची अधिसूचना त्या त्या भागाचा सुधारित किनारा आराखडा केंद्राने मंजूर केल्यावरच लागू होते. तोपर्यंत 2011 चा आराखडा चालू राहतो, असे त्या अधिसूचनेतच लिहिले आहे. म्हणून दोन तारखा समोरासमोर ठेवायच्या: तुमच्या जिल्ह्याच्या आराखड्याला मंजुरी मिळाल्याची तारीख आणि तुमच्या जोत्याची तारीख. जोते आधीचे असेल तर प्राधिकरणाचे वकील मरडूचा दाखला देतील. कोचीजवळच्या मरडूमध्ये 2006 साली पंचायतीने बहुमजली इमारतींना परवाने दिले होते. पुढे आराखडा बदलला आणि तोच भाग सौम्य वर्गात आला. तरी 8 मे 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने परवाना दिला तेव्हाचा वर्ग ग्राह्य धरला आणि इमारती पाडायला सांगितल्या. 11 आणि 12 जानेवारी 2020 ला त्या स्फोटाने पाडल्या. 343 फ्लॅट होते. तुमचे प्रकरण त्याहून खूप लहान आहे, आणि आज जो नियम आहे त्यात बसणारे घर पाडून काय साधणार असे न्यायाधिकरणाला पटवता येईल असे मला वाटते. पण त्याची हमी मी देत नाही. म्हणून जोत्याची तारीख पुराव्याने ठरवा: चिऱ्यांची बिले, बँकेतून गेलेले चेक, भूमिपूजनाचे मोबाइलमधले मूळ फोटो. तारीख अडचणीची निघाली तरी ती आपल्याला आधी कळलेली बरी.

मोजायचे कुठून, हा दुसरा प्रश्न. भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथवर चढते ती रेषा, आणि ती आराखड्यात जशी आखली आहे तशीच धरतात. नारळी पौर्णिमेला पाणी कुठे आले होते हे शेजाऱ्याने सांगून भागत नाही. मात्र तुमच्या पत्रातला जुना खारबंधारा फार कामाचा आहे. बंधारा किंवा उघाडी (बंधाऱ्यातले पाणी सोडायचे दार) 19 फेब्रुवारी 1991 च्या आधी बांधलेली असेल तर भरतीरेषा तिथेच थांबते, आत येत नाही. पहिली सीआरझेड अधिसूचना त्या तारखेची, म्हणून ती तारीख. बंधाऱ्याचे वय खारभूमी विभागाच्या कागदपत्रांतून काढा. गावच्या जुन्या नकाशावरही तो दिसू शकतो. मंजूर आराखड्याचा तुमच्या गट नंबरचा तक्ता प्रमाणित प्रतीत मागा, आणि केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडून तुमच्या जागेवर रेषा उतरवून घ्या. या कामाला आठवडे लागतात, म्हणून त्यासाठी अपील अडवून ठेवू नका. अपील आधी दाखल करा, नकाशा मागाहून जोडता येतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही आणि ती मला खटकते. बंधाऱ्याच्या आतल्या बाजूला तिवरे, कांदळ, चिपी असे काही आहे का? कांदळवनाचे क्षेत्र 1,000 चौरस मीटरहून जास्त, म्हणजे साधारण दहा गुंठे असेल, तर त्याच्या कडेपासून 50 मीटरचा पट्टा आणखी वेगळा सुटतो आणि वरचे सगळे गणित बदलते. झाडे असतील तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. आणि ती असतील तर आता हात लावू नका.

तलावाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो सोडा. अपिलातच लेखी हमी द्या की तलाव आम्ही स्वखर्चाने काढून जमीन पूर्ववत करू, आमचे म्हणणे फक्त घरापुरते आहे. तुम्हाला हे कठीण जाईल. नातवंडांसाठी बांधला, एप्रिल-मेच्या उकाड्यात मुले दिवसभर पाण्यात खेळतील म्हणून, असे तुम्ही लिहिले आहे. पण 38 मीटरवरच्या तलावासाठी भांडायला लागलात तर 63 मीटरवरच्या घराचा मुद्दा न्यायाधिकरणाला ऐकूच येणार नाही. दोन्ही वाचवू असे सांगणारा वकील भेटला तर जरा सावध राहा.

आणि कायदा बाजूला ठेवून बोलते. त्या तलावात सरासरी 1.4 मीटर पाणी धरले तर सुमारे 45,000 लिटर होते. ते तुम्ही बोअरवेलने भरणार होता. भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसायला 2011 च्या अधिसूचनेत मनाई आहे. सूट आहे ती तिथे वस्ती असलेल्या स्थानिकांना, त्यांच्या वापरापुरती. खाडीच्या अंगणात तलावासाठी बोअर मारणे त्या सुटीत कसे बसवणार? किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ठोकळ हिशोबाने गोड्याची पातळी एक मीटर उतरली की खाली खारे पाणी 40 मीटर वर सरकते. तुमच्या कुंपणापलीकडे दोन घरांच्या विहिरी आहेत असे तुमच्या नकाशावरून दिसते. एकदा विहीर खारी झाली की ती गोडी व्हायला किती पावसाळे लागतील कोण सांगणार? तक्रार कोणी केली म्हणून तुम्ही रागावला आहात. त्या घरच्या बाईंच्या जागी मी असते तर मीही केली असती.

बाकीचे मुद्दे पटकन सांगते. घरपट्टी भरणे म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे; गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीचा दाखला पुरतच नाही, आणि तुमची जागा गावठाणात नाही. शेजारचे रिसॉर्ट बेकायदा असेल तर तो तुमचा बचाव होत नाही, त्यांची चौकशी वेगळी होईल. ‘पाडायच्या आधी 15 दिवसांची नोटीस लागते’ असे तुम्हाला कोणी सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल 13 नोव्हेंबर 2024 चा, पण सार्वजनिक जागी, नदी वा जलाशयाला लागून असलेल्या अनधिकृत बांधकामांना तो लागू नाही असे त्यात म्हटले आहे. त्यावर विसंबू नका. अपील दाखल केल्याने आदेशाला आपोआप स्थगिती मिळत नाही, ती वेगळ्या अर्जाने मागावी लागते. दंड होऊ शकतो. 1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण अधिनियमाच्या कलम 15 खाली तो 10,000 रुपयांपासून 15 लाखांपर्यंत आहे. किती लागेल ते तुमच्या वागण्यावर बरेच ठरते.

तुमचे तालुक्याचे वकील दिवाणी दावा लावून मनाई हुकूम घ्यायचे म्हणतात. नको. हरित न्यायाधिकरणाच्या कक्षेतल्या विषयात दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही, कलम 29 तेच सांगते. दाव्यात तारखा पडत राहतील, आणि तिकडे 90 वा दिवस निघून जाईल. दुसरा सल्ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये रिट याचिका करण्याचा. ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गाची प्रकरणे तिथे जातात, मुंबईची फेरी वाचते, हे खरे. उच्च न्यायालयाचा अधिकार हरित न्यायाधिकरणामुळे संपत नाही, हेही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. पण अपिलाची सोय असताना इथे का आलात, हा पहिला प्रश्न येईल. रिट परत करून अपिलाकडे पाठवले आणि तोवर मुदत गेली, तर हातात काहीच राहत नाही. न्यायाधिकरणात तरी काम वेगाने चालते असे मी म्हणणार नाही. पण आपली मुदत पाळणे आपल्या हातात आहे.

जमीन विकणाऱ्याने ‘सीआरझेडमुक्त प्लॉट’ म्हणून जाहिरात केली होती, त्याच्याकडून भरपाई मिळेल का हे खरेदीखत पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ती जाहिरात आणि त्याचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. ते काम अपिलानंतरचे.

या आठवड्यात पुण्याचा वकील ठरवा आणि वकीलपत्रावर दोघांच्याही सह्या करा, सातबारा दोघांच्या नावावर आहे. खड्डा मात्र घाईने बुजवू नका. आधी तलाठ्यांकडे पंचनाम्याचा अर्ज द्या आणि आहे त्या स्थितीचे फोटो घ्या, नाहीतर पुरावा नष्ट केला असा अर्थ निघेल. आणि तलावाच्या ठेकेदाराला आजच फोन करून फरशीचे काम थांबवायला सांगा. आगाऊ रकमेचे तो काय म्हणतो ते नंतर पाहू.