गॅरेजचा कोबा, इपॉक्सी आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न : मी नागपूरला मनीषनगरात राहते, शाळेत शिकवते. घर वीस वर्षांचं. गॅरेज १२ बाय २० फूट, म्हणजे २४० चौरस फूट. कोबा झिजलाय, झाडावं तेवढी सिमेंटची धूळ निघते, गाडीखाली तेलाचे डाग आहेत. त्यावर इपॉक्सीचा, म्हणजे रसायनाचा कडक चकचकीत थर द्यायला ठेकेदाराने ११० रुपये फुटाने २६,४०० सांगितले. सहा लिटरचा किट ऑनलाइन ९,५०० ला मिळतो, तो आणून मी आणि मुलगा घरीच लावू म्हणतो. मे महिन्यात मुलीचं साक्षगंध आहे. डिसेंबरमध्ये पूर्ण होणारी एक लाखाची एफडी मोडू की क्रेडिट कार्डवर ईएमआय करू? सरळ १६,९०० रुपये वाचतात ना?

ताई, तुमचा हिशेब चुकलेला नाही, अर्धा राहिलाय.

९,५०० हे फक्त डब्याचे पैसे. इपॉक्सी टिकते ती खालच्या तयारीवर. कोबा डायमंड ग्राइंडरने घासून वरचा कमकुवत थर काढावा लागतो, तेलाचे डाग डीग्रीझरने उपसावे लागतात, भेगा भराव्या लागतात, प्रायमर लागतो. ग्राइंडर आणि व्हॅक्यूम भाड्याने, हातमोजे, वाफा अडवणारा मास्क, रोलर धरून मी आणखी ७,५०० मांडतो. इतवारीत दोन दुकानं फिरून तुम्ही तुमचा आकडा घाला. म्हणजे घरचं काम १७,००० ला पडलं आणि बचत उरली ९,४०० ची.

आता फसलं तर? थर सुटला की आधी तो घासून काढायचा, त्याचे ६,००० धरा, आणि मग ठेकेदाराचे २६,४०० द्यायचेच. म्हणजे आणखी ३२,४००. तुम्ही ९,४०० वाचवायला ३२,४०० पणाला लावताय. दहापैकी तीन वेळा काम फसत असेल, तर सरासरी ९,७२० चा फटका बसतो, म्हणजे घरी करण्यात काही वाचत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने प्रश्न एवढाच आहे की तुमच्या कोब्यावर फसण्याची शक्यता किती.

ती शक्यता ओलीवर ठरते. नागपुरात बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वीस वर्षांपूर्वीच्या घरांत कोब्याखाली प्लास्टिकचा थर क्वचितच टाकलेला असायचा. जमिनीतली ओल काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर येते आणि एरवी उडून जाते. वर इपॉक्सीचं झाकण बसलं की ती अडते आणि थर उचलते.

हे मी स्वतःच्या घरी पाहिलंय. प्रतापनगरच्या घराच्या पोर्चला मी एप्रिलमध्ये असाच किट आणून लावला होता. दोन महिने आरशासारखा चमकला. जुलैत रुपयाएवढे फोड आले. एक अंगठ्याने दाबला तर चिकट पाणी बाहेर आलं. गरम टायर जिथे थांबायचे तिथे थराची पट्टी टायरलाच चिकटून आली, खाली टायरची नक्षी उमटलेला उघडा कोबा. घासायला आलेला मिस्त्री म्हणाला, "साहेब, खालून ओल येते न, वरून काहीबी लावा." तो थर काढायला तीन दिवस गेले. पैसे गेले त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की एक साधी तपासणी मी केली नव्हती.

ती तपासणी अशी : दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर ठेवा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा, २४ तासांनी उचला. खाली दव दिसलं किंवा कोबा काळपट पडला, तर ओल आहे. तीन ठिकाणी करा : एक भिंतीजवळ, एक मधोमध, एक जिथे गाडी उभी राहते तिथे.

पण, ताई, ही तपासणी आता एप्रिलमध्ये केली तर ती बहुतेक कोरडीच निघेल, आणि तेच फसवं आहे. नागपूरचा उन्हाळा जमिनीतलं पाणी खोलवर शोषून घेतो. माझाही पोर्च एप्रिलमध्ये कोरडाच दिसला असता. कोबा खरं बोलतो तो ऑगस्टमध्ये, जमीन पाण्याने भरलेली असते तेव्हा. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : मे महिन्यासाठी हे काम करू नका. एफडी मोडू नका, कार्डही काढू नका.

मे टाळायला दुसरंही कारण आहे. किटमधले रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव एकत्र केले की घड्याळ सुरू होतं. २५ अंशांना जो माल ४० मिनिटं चालतो, तो दर दहा अंशांनी साधारण निम्म्या वेळात घट्ट होतो. ४० च्या वर तुमच्या हातात पंधरा मिनिटंसुद्धा उरत नाहीत, आणि बादलीतच ठेवला तर त्याहून कमी, कारण ढिगात तो स्वतःच तापतो. शिवाय गाडी न्यायला सात दिवस थांबावं लागतं. साक्षगंधाच्या गडबडीत ते कसं जमणार?

किटवर काय लिहिलंय तेही बघा. पाणी मिसळून बनवलेली (वॉटर-बेस्ड) इपॉक्सी असेल आणि तिच्यात घनपदार्थ, म्हणजे वाळल्यावर उरणारा भाग, निम्मेच असतील, तर सहा लिटरमधून तुमच्या २४० फुटांवर वाळलेला थर साधारण १३५ मायक्रॉनचा बसेल, पोस्टकार्डाहून पातळ. शंभर टक्के घनपदार्थांचा माल दुप्पट जाडी देतो, पण हाताळायला कठीण. उघड्या दारातून ऊन येत असेल तर इपॉक्सी पिवळी पडते, तिथे वर पॉलियुरेथेनचा कोट लागतो. कोबा घासताना उडणारी धूळ छातीत जाण्यासारखी असते. मुलगा मास्क न लावता ग्राइंडर धरणार असेल, तर ते काम बाहेरच्याला द्या, यात मी एक रुपयाचीही काटकसर सुचवणार नाही.

पैशांचं बघू. एफडी मुदतीआधी मोडली की व्याज ठरलेल्या दराने मिळत नाही, जेवढा काळ पैसे ठेवले त्या काळाच्या दराने मिळतं, आणि त्यातूनही बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. समजा, ७ टक्क्यांची एफडी चार महिन्यांत मोडली आणि हातात ४ टक्के दराचं व्याज आलं, तर २,३३३ ऐवजी १,३३३ मिळतील. हजार रुपये काही मोठे नाहीत. पण मुलीचं लग्न पुढे दिसत असताना हा लाख तुमच्या हाताशी असायला हवा. कार्डच्या ईएमआयवर व्याज, प्रोसेसिंग फी आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. घराच्या किमतीत यातून एक रुपयाही भर पडत नाही, घर घेणारा गॅरेजच्या कोब्याचे पैसे देत नाही. तेव्हा यासाठी कर्ज नकोच.

त्याऐवजी या महिन्यापासून दरमहा २,५०० ची सात महिन्यांची आरडी सुरू करा. नोव्हेंबरमध्ये १७,५०० आणि वर थोडं व्याज हाती येईल, हवा कोरडी आणि नरम असेल. ऑगस्टची तपासणी कोरडी निघाली, तर घासायचं काम भाड्याच्या माणसाकडून करून घ्या आणि रोलर तुम्ही दोघं चालवा. एवढ्याने फसण्याची शक्यता बरीच उतरते, आणि मग घरचं काम मला पटतं. ओल निघाली, तर ठेकेदाराची साधी इपॉक्सीसुद्धा टिकणार नाही, तोही ओल तपासल्याशिवाय हमी देत असेल तर त्या कागदाला अर्थ नाही. तेव्हा सिलिकेटचा हार्डनर मारा, हा किटमधला नव्हे, कोब्यात मुरणारं वेगळं द्रावण. तो काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून वरचा थर कडक करतो, धूळ निघायची थांबते आणि ओल अडत नाही. चमक येणार नाही, तेलाचे डाग पडतील, पण तुमची मूळ तक्रार धुळीची आहे. चकचकीत हवंच असेल तर खडबडीत पार्किंग टाइल्सचं कोटेशन घ्या.

साक्षगंधासाठी आत्ता एवढंच करा : डीग्रीझर टाकून ताठ ब्रशने डाग घासा, गॅरेज दोनदा धुऊन दोन दिवस वाळू द्या, आणि मंडपवाल्याला सांगून आतपर्यंत कार्पेट अंथरून घ्या.