तबकडी उलटी फिरवता येणारे ‘रिव्हर्सो’ घड्याळ कोणत्या कंपनीचे, आणि ते का तयार झाले?

हे घड्याळ जेजर-लकुल्त्र या स्विस कंपनीचे आहे. आंत्वान लकुल्त्र यांनी 1833 मध्ये जू खोऱ्यातील ल साँतिये गावात कार्यशाळा काढली आणि 1844 मध्ये मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारे उपकरण बनवले. कंपनीच्या लौकिकाचे मूळ, माझ्या मते, या अचूकतेतच आहे. रिव्हर्सोची कल्पना मात्र भारतात सुचली, असे सांगितले जाते. पोलो खेळताना घड्याळांच्या काचा फुटतात, ही ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची तक्रार सेझार द त्रे या व्यापाऱ्याच्या कानी पडली, आणि त्यातून काच आत वळवून धातूची पाठ बाहेर आणणाऱ्या, फ्रेंच अभियंता रेने-आल्फ्रेद शोव्हो यांच्या रचनेसाठी 1931 मध्ये पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज केला गेला. पॅरिसचे घड्याळनिर्माते एदमाँ जेजर यांच्याशी 1903 पासून जुळलेले सहकार्य कंपनीच्या जोडनावात उतरले ते 1937 मध्ये.