खालच्या पापणीची कॉस्मेटिक सर्जरी होऊन दोन महिने झाले, पिशव्या गेल्या पण कातडी सैल दिसते. पुन्हा काढून घ्यावी का?

आत्ता नको, निदान सहा महिने पूर्ण होऊ द्या, मग उरलेली कातडी ‘स्किन पिंच’ने काढता येते. दोन महिन्यांत सूज पुरती उतरलेली नसते. शिवाय पापणीच्या आतून चरबी काढली असेल, तर कातडीला हातच लावलेला नसतो. खालचा फुगवटा गेला की ती सैल दिसणारच. पिंचमध्ये जागा बधिर करून पापण्यांच्या केसांखालची जादा घडी चिमट्यात धरतात, तेवढीच कापतात आणि बारीक टाके घालतात. टाके साधारण पाच ते सात दिवसांनी निघतात. काढायची कातडी फार तर काही मिलिमीटर असते. मोजताना तुम्हाला वर बघायला आणि तोंड उघडायला सांगतात, कारण तेव्हा पापणी सर्वात जास्त ताणली जाते. इथे हावरटपणा नडतो: जास्त कापलं तर पापणी खाली ओढली जाते, बुबुळाखालचा पांढरा भाग दिसतो, डोळा कोरडा पडतो, आणि ते दुरुस्त करणं मूळ ऑपरेशनपेक्षा कठीण. नुसत्या बारीक सुरकुत्या असतील तर लेसर किंवा टीसीए पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलणं) पुरतं, मात्र सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका लक्षात घ्या.

एक पाहून घ्या: पापणी बोटाने खाली ओढून सोडा. डोळे न मिचकावता ती लगेच जागेवर आली नाही, तर पापणीच ढिली आहे. अशा वेळी बाहेरचा कोपरा घट्ट केल्याशिवाय कातडी काढू देऊ नका.